हळदीच्या वावरातली सावली

मार्च महिना निम्मा सरला की आमच्या आक्काचा निरोप येतोच. "हळद लागली बघ. एकदा येऊन जा, लेकरं आठवण काढायलीत." आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला वसमत तालुक्यात कुरुंद्याच्या बाजूला एका खेड्यात दिली. दाजी मजूर, आक्का मजूर, आणि आता मुलगा-सूनही मजूर. गायरानाचा एक तुकडा त्यांच्या सासऱ्याने कधीकाळी कसायला घेतला, तो अजून सातबाऱ्यावर चढलेला नाही. पोट चालते ते लोकांच्या वावरात.

मी परभणीहून एसटीने वसमत गाठले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, पण आक्काच्या तोंडी अजून "आपला परभणी जिल्हा"च आहे. वसमतच्या पुढे काळीपिवळी जीप. एकदा डांबरी सोडली की रस्ता विचारायची गरज पडत नाही. हळद शिजतानाचा वास मैलभर आधी येतो. कोणाला तो आवडतो, कोणाचे डोके दुखते. मला तो वास आला की माहेरवाशिणीसारखे वाटते, आणि मी तर पुरुष माणूस!

हळदीचे नाव निघाले की पूर्वी सांगली आठवायची. आता वसमत आठवते. पूर्णेवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी कालव्याने या भागात आले, काळ्या रानात ऊस, केळी, हळद उभी राहिली. हिंगोलीच्या बाजार समितीत संत नामदेवांच्या नावाचे हळद मार्केट यार्ड आहे. २०२४ साली 'वसमत हळद' म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले. वर्तमानपत्रांत पिवळ्याधमक हळकुंडांचे फोटो आले. त्या फोटोत हळद होती. हळद काढणारे हात नव्हते, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पाहिले तसे सांगतो.

जूनच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. पाला कापायचा, ट्रॅक्टरने सरी उखडायची, बायांनी कंद वेचायचे, माती झटकायची, गड्डे वेगळे, शेंगा वेगळ्या. मग शिजवायचे. आमच्या लहानपणी मोठ्या लोखंडी काहिलीत लाकडाचा जाळ लावून शिजवीत. आता ट्रॉलीवर बसवलेला वाफेचा कुकर येतो. ट्रॅक्टर त्याला वावरात ओढून आणतो, पिंपे भरली जातात, वाफ सोडली जाते, शिजली की काडी टोचून पाहायची. काडी आरपार गेली की हळद शिजली. पुढे पंधरा दिवस उन्हात वाळवण. पाच किलो ओली हळद वाळून किलोभर राहते म्हणाना. ओझे मात्र पाचही किलोंचे उचलावे लागते.

हे काम गुत्त्याने घेतात. वस्तीतल्या चार-पाच जोड्या मिळून एक टोळी. कुकर एकदा लागला की रात्रंदिवस चालतो, म्हणून आठ-दहा दिवस टोळी वावरातच राहते. लेकरेबाळे, पिठाचे डबे, चूल, पाण्याचे ड्रम, अंथरुणे, सारे एका ट्रॉलीत भरून नेतात. ही ट्रॉली तेवढ्या दिवसांचे घर. माझा विषय ही ट्रॉली आणि तिच्या कडेला बांधलेली सावली.

वाचक म्हणतील, सावलीत लिहिण्यासारखे काय? झाडाखाली बसावे. हळदीच्या वावरात झाड नसते, बंधूंनो. असलेच तर बांधावर, आणि बांध लांब. काळी जमीन उकरलेली, नांगरलेली, चहूबाजूंनी सपाट. वर ऊन, खालून भाप. कुकरची वाफ वेगळीच. आणि दुपारी बारानंतर मावळतीकडून वारा सुटतो तो धूळ, पाला, पाचोळा सगळे घेऊन. मधूनच वावटळ उठते. कोणी म्हणाले की हे वाळवंटच आहे, फक्त काळ्या रंगाचे, तर ते खोटे नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट मला आक्काने पहिल्याच संध्याकाळी सांगितली. फोनवर तिने लपवली होती. दुसऱ्या एका वावरात टोळी होती. ट्रॉलीच्या कडेला चार बांबू रोवून वर निळी ताडपत्री ताणली होती. एका बांबूला झोळी बांधून नात निजवली होती. दीडेक वर्षाची. तीनच्या सुमारास वारा आला, ताडपत्री फुगली, खुंट्या उपटल्या, बांबू आडवा झाला. बाळ झोळीसकट खाली. कपाळावर बांबूचे टोक लागले. मोटारसायकलवर मध्ये घेऊन दवाखाना गाठला, टाके पडले. डोळा वाचला, दोन बोटांनी वाचला.

"तवापासून म्या शपथ घेतली," आक्का म्हणाली, "सावली बांधायची तर आधी वाऱ्याला इचारायचं."

ती खूण नातीच्या भुवईच्या वर आहे. ती आता धावते, बोलते, मला "मामाआबा" म्हणते. हे नाते तिने स्वतःच तयार केले आहे.

या वर्षीची सावली भाच्याने बांधली. हा आक्काच्या चुलत जावेचा मुलगा. काही वर्षे कुवेतला पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. तिकडचे लोक हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, हौसेने वाळवंटात मुक्कामाला जातात. गाडीच्या मागे ओढायची चाकावरची खोली, तिच्या कडेला तंबू, गालिचे, चहाची किटली. ज्यांना बारा महिने घर आहे ते चार महिने हौसेने उघड्यावर राहतात! भाचा त्यांना पाणी पोचवायचा. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तिकडे 'शमाल' म्हणतात. त्या वाऱ्यात कोणाचे तंबू उडतात, कोणाचे टिकतात, हे त्याने टँकरच्या खिडकीतून बघितले. जुने अरब भटके लोक बकरीच्या केसांचा काळा तंबू विणतात. विणकर सैल असते, त्यातून गरम हवा वर निघून जाते, आणि पाऊस आला की धागे फुगून छिद्रे बुजतात. तंबू बुटका, दोऱ्या लांब, पाठ वाऱ्याकडे. आपल्याकडच्या धनगरांच्या घोंगडीची ती थोरली बहीणच म्हणायची.

सकाळी कुकर यायच्या आधी आम्ही कामाला लागलो. मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, मला वाटले आपण चार गोष्टी सांगू. मलाच शिकावे लागले.

पहिली गोष्ट ट्रॉली कशी उभी करायची. भाच्याने ट्रॅक्टरवाल्याला दोनदा मागेपुढे घ्यायला लावले. ट्रॉलीची लांब बाजू मावळतीकडे पाहिजे, म्हणजे ट्रॉली दक्षिणोत्तर आणि सावली उगवतीच्या अंगाला. वाराही मावळतीकडून, दुपारनंतरचे ऊनही मावळतीकडून. एकच भिंत दोघांना अडवते. सकाळचे ऊन उगवतीकडून येते, पण ते कोवळे, त्याला एक जुने लुगडे आडवे टांगले की झाले. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. ट्रॉलीच्या पोटाखालून वारा घुसतो, तिथे मातीने भरलेली युरियाची पोती रचली, पण गच्च नाही. वीतभर फट ठेवली. "समदंच बंद केलं तर वारा वरून उडी मारतो अन् मागं पडून छत उचलतो," भाचा म्हणाला. हे वाक्य मी पुस्तकात वेगळ्या शब्दांत वाचले होते.

दुसरी गोष्ट कापड. ताडपत्री वापरायचीच नाही, असा त्याचा हट्ट. त्यावर दाजी चिडले. "मग काय टॉवेल बांधायचा का?" भाच्याने भाजीपाल्याच्या शेतावर लावतात ती हिरवी शेडनेट आणली होती. जाळीतून थोडा वारा निघून जातो, म्हणून ती शिडासारखी फुगत नाही. मी दाजींना हिशोब करून दाखवला. वारा ताशी चाळीस किलोमीटरने समोरून आदळला तर दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा रेटा येतो. बारा फूट बाय पंधरा फूट ताडपत्री म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. तिने पुरता वारा धरला तर सव्वाशे किलोची ओढ. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ऐंशीला पाचशे किलो! दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी बांबूवर पाच क्विंटल बसलं व्हतं म्हना की." वारा त्या दिवशी किती होता कोणी मोजला नाही. पण दाजींना क्विंटल कळतो, कारण ते आयुष्यभर क्विंटल उचलत आले.

शेडनेटच्या खाली हातभर अंतर सोडून आक्काने जुन्या साड्यांचे दुसरे छत केले. एकाच्या जागी दोन पदर आणि मध्ये हवा. वरचा पदर तापतो, त्याची आच खाली येत नाही. सावलीने हवा थंड होत नसते, अंगावर पडणारे ऊन तेवढे थांबते, म्हणून खाली हवा खेळती पाहिजे. निळ्या ताडपत्रीखाली दुपारी बसून पाहावे, भाकरी भाजल्यासारखे होते. साड्या निवडताना मात्र आक्काने एक पांढरी साडी बाजूला काढून ट्रंकेत परत ठेवली. काठ फाटलेले, पण जयंतीची. "ही नाय. हिच्यावर बाबासाहेबांच्या मिरवणुकीची धूळ हाय," म्हणाली. तिच्याशी या बाबतीत वाद घालू नये.

तिसरी गोष्ट खुंट्या, आणि इथेच खरी मेख आहे. काळी जमीन पावसात चिकट, उन्हात भेगाळ. मार्चमध्ये तिच्यात खुंटी ठोकली तर ठोकताना घट्ट वाटते, आणि वाऱ्याने दोन-चारदा हलवली की भोक रुंद होऊन अलगद निघते. भाच्याने कुवेतच्या वाळूतली युक्ती काढली. तिकडे वाळूत खुंटी टिकत नाही म्हणून पोते पुरतात. कोपरभर खोल खड्डा घ्यायचा, मातीने भरलेले पोते आडवे ठेवायचे, त्याच्या मध्यावर दोरी बांधून ती तिरकी वर काढायची, वरून माती टाकून पायाने दाबायची, पाणी शिंपडून पुन्हा दाबायची. आता वाऱ्याला दोरी उपटायची तर वरची सगळी माती उचलावी लागेल. बाहेरच्या बाजूला अशी चार पोती पुरली. दोरी सरळ खाली नाही, दूरवर तिरकी. बांबूही सरळ उभे नाहीत, डोके थोडे बाहेर कललेले.

आतली बाजू ट्रॉलीलाच. छताची एक कड ट्रॉलीच्या वरच्या लोखंडी कडांना सलग बांधली, म्हणजे वारा तिच्याखाली शिरायला जागा नाही. तिथून छत उतरते होत बाहेर गेले, बाहेरच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हातभर एवढेच उंच. आक्काला ते बुटके वाटले. "वाकून जावं लागतंय," ती म्हणाली. "वाकू, पण उडू नाय," भाचा म्हणाला. मग छतावरून दोन आडव्या दोऱ्या टाकल्या, ट्रॉलीपासून पुरलेल्या पोत्यापर्यंत, खाट विणल्यासारख्या. वारा छताला वर ओढतो, तेव्हा कापड या दोऱ्यांवर दाबले जाते, टाक्यांवर ताण येत नाही.

दोन बारीक गोष्टी मला फार आवडल्या. जाळीला जिथे दोरी बांधायची तिथे भोक पाडले नाही. बोराएवढा गोटा कापडाच्या आत धरला, बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळली. भोक फाटते, गोटा फाटत नाही. आणि दोरी व पोते यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा. झोत आला की पट्टा ताणतो, झोत गेला की आवळतो, धक्का दोरीला बसत नाही. शेवटची गाठ फासाची, एक टोक ओढले की सुटणारी. तिचे कारण तिसऱ्या दिवशी कळले.

झोळी बांबूला नाही. झोळी ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीला. हा नियम आक्काचा, त्यावर चर्चा नाही.

दहा वाजता सावली उभी राहिली. ट्रॉलीच्या फाळक्यावर सुनेने बाबासाहेबांचा आणि तथागतांचा छोटा फोटो चिकटवला. पाण्याचा माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवला. आठ मोठी माणसे आणि तीन लेकरे दुपारी त्या खाली अंग टेकत. दीड ते तीन काम बंद, हे टोळीने ठरवून टाकलेले. डोके दुखणे, मळमळ, अंग तापून कोरडे पडणे, बोलणे असंबद्ध होणे, ही उन्हाची लक्षणे सुनेला पाठ आहेत. मीठ-साखरेचे पाणी करून ठेवते. अंग तापून माणूस बरळायला लागला तर त्याच्या अंगावर पाणी ओतत दवाखान्यात न्यायचे, वाट बघायची नाही.

दुपारी पडल्या पडल्या मी आक्काला विचारले, "आपली आई कुठं बसायची गं दुपारी?"

"आंब्याखाली नाय," ती एवढेच म्हणाली. मग बऱ्याच वेळाने पुढचे सांगितले. मालकाच्या आखाड्यावर आंबा होता. त्याच्याखाली मालकाचे गडी जेवायचे. आमच्या वस्तीच्या बाया बांधाच्या कडेला पळसाच्या बुडाशी, डोक्यावर पदर ओढून. पाणी वरून ओंजळीत. आई आक्काला कडेवर घेऊन अशी बसायची की तिची स्वतःची सावली लेकरावर पडावी. सूर्य सरकला की आई सरकायची.

पेशवाईत आपल्या माणसाच्या सावलीचा विटाळ मानत, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात नोंदवले आहे. आपण ते भाषणांत ऐकतो, टाळ्या वाजवतो. आईची ती सरकणारी सावली मात्र मी कोणत्याही भाषणात ऐकली नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला गेली होती. त्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याने तर कामाच्या जागी पिण्याचे पाणी, लेकरांना व विसाव्याला सावली, औषधाची पेटी हे सारे लिहूनच दिले होते, आणि सहा वर्षांखालची पाच लेकरे असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई. म्हणजे सावली ही मागायची वस्तू नव्हे, हक्काची, हे कायद्याच्या कागदावर आले होते. ते सरकारी कामावर. खाजगी वावरात गुत्त्याने काम करणाऱ्या टोळीला सावली कोण देणार? १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेब खेड्यातल्या भूमिहीनांविषयी फार तळमळीने बोलले. पुढे दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, माणसे तुरुंगात गेली. आक्काच्या सासऱ्यांचे गायरान त्याच वाऱ्यातले. जमिनीचा तुकडा नावावर असता तर त्यावर एक लिंब तरी लावला असता, असे दाजी म्हणतात. नावावर नसलेल्या जमिनीत माणूस झाड लावायला कचरतो.

रात्री कुकरची पाळी बदलली की सगळे सावलीखाली जमत. जाळी असल्याने वर चांदण्या दिसत. त्रिसरण-पंचशील सून घ्यायची, लेकरे मागून म्हणायची, "सुरामेरय" शब्दाला नात अडखळायची. दाजी तिथे हटकून खोकायचे. पूर्वी पीत होते, आता सोडली आहे. हीच ट्रॉली पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर महाविहाराच्या धम्म परिषदेला जाते. तिथेही थंडीच्या वाऱ्यात तिच्या आडोशाला बाया-लेकरे निजतात. पण ताडपत्री नुसती ट्रॉलीवरून खाली सोडलेली, दगड ठेवलेले. "औंदा तिथंबी असंच बांधू," भाचा म्हणाला. आपल्या समाजाच्या सभा-परिषदांना जाणाऱ्या मंडळींनी हे जरूर करून पाहावे. पोती, सायकलची ट्यूब, गोटे, कशालाच फार पैसे लागत नाहीत. शेडनेटला लागतात, पण ती काही हंगाम टिकते.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला. हे चांगले लक्षण नव्हे. उकाडा असा की कुकरजवळ उभे राहवेना. चारच्या सुमारास ईशान्येला ढग काळा झाला. आम्ही सावली बांधली होती मावळतीच्या वाऱ्यासाठी, आणि हा येणार उलट्या बाजूने, म्हणजे छताच्या उघड्या तोंडातून आत.

मालक मोटारसायकलवरून ओरडत आला. "हळद झाका! ताडपत्र्या टाका!" त्याचे चूक नव्हते. शिजवून पसरलेली हळद भिजली की रंग जातो, रंग गेला की भाव जातो. वर्षाची कमाई जमिनीवर पसरलेली. पण मला तेव्हा कळले की भाच्याने ताडपत्री का नाकारली. गेल्या वर्षी वारा सुटल्यावर मालकाचा गडी पहिल्यांदा मजुरांच्या डोक्यावरची ताडपत्री सोडायला धावला होता. ती मालकाची होती. एक बाजू सोडली, दुसरी वाऱ्याने उचलली, आणि बांबू गेला. हे आक्काने मला सांगितले नव्हते. दाजींनी तिथे, त्या पळापळीत सांगितले.

या वेळी जाळी आमची होती, तिला कोणी हात लावला नाही. चौघे हळद झाकायला धावले. आक्का जागची हलली नाही. "लेकरू आधी," एवढेच म्हणाली, आणि झोळीतून नात काढून सुनेच्या हाती दिली. तेवढ्यात वीज लखलखली. भाच्याने फासाच्या गाठी ओढल्या. एक, दोन, तीन, चार. जाळी जमिनीवर, तिच्यावर दोन पोती. एक मिनिट लागले नसेल. विजा चमकायला लागल्या की लोखंडी ट्रॉलीला टेकून बसणे धोक्याचे, एकट्या झाडाखाली उभे राहणे त्याहून धोक्याचे. वाऱ्यापासून जी वाचवते तीच ट्रॉली तेव्हा सोडावी लागते. पक्के घर जवळ असेल तर तिथे जावे, नाहीतर बंद गाडीत.

जवळ होता तो मालकाचा आखाडा. सिमेंटचे छत, तीन खोल्या. मालकीण दारात उभी राहून हात करीत होती, "या, आत या, लेकरं आणा आधी!" सून पळत गेली, लेकरे गेली. आक्का उंबऱ्याशी थांबली. गारा पडायला लागल्या होत्या, हरभऱ्याएवढ्या. मी मागून म्हणालो, "आक्का, चल ना." तिने एकदा आंब्याकडे बघितले. तोच आंबा, आखाडा नंतर बांधलेला. मग आत आली.

आम्हाला बसवले ते खताच्या पोत्यांच्या खोलीत. मधली खोली मोकळी दिसत होती. कदाचित तिथे सामान असेल. कदाचित मालकिणीच्या मनात काहीच नसेल, लेकरे भिजू नयेत एवढेच असेल. नातीला तिने स्वतःच्या टॉवेलने पुसले, हे मी डोळ्यांनी पाहिले. थोड्या वेळाने चहा आला. सगळ्यांना कागदी कपात. मालकालाही, त्याच्या गड्यालाही.

आक्काने कप फिरवून बघितला. "कागदाचा कप बरा असतोय," ती हळूच म्हणाली. "कुणाला काय इचारायचं काम नाय, अन् कुणाला काय सांगायचं बी."

दाजी हसले. मला हसू आले नाही, पण चहा चांगला होता, आले घातलेला.

अर्ध्या तासाने उघडले. वावरात पाणी साचले होते. झाकलेली हळद बऱ्यापैकी वाचली, कडेची भिजली. शेजारच्या वावरातली एक ताडपत्री बांधावरच्या बाभळीत अडकून चिंध्या झाली होती. आमची जाळी चिखलात, पण अखंड. साड्यांपैकी दोन फाटल्या. पुरलेली पोती तपासली तर तीन पक्की, ईशान्येकडचे एक पाण्याने सैल झालेले. भाच्याने ते उकरून काढले आणि या वेळी ढोपरभर खोल घेतले. दाजी न सांगता सायकलचा पट्टा तपासायला बसले. "त्या बाजूनं बी एक लुगडं आडवं लाव," ते म्हणाले, "वारा काय एकाच गावचा नसतोय."

रात्री जमीन ओली म्हणून सगळे ट्रॉलीतच निजले, मी बाहेर कुकरजवळ. वाफेची ऊब होती. पहाटे आक्का उठून आली आणि माझ्याशेजारी बसली. जयंतीला दोन-अडीच आठवडे उरले होते. गुत्त्याचा हिशोब त्याच्या आत मिळाला तर सुनेला आणि नातीला पांढऱ्या साड्या घ्यायच्या होत्या. अडीचेक वर्षांच्या पोरीला साडी कशी, मी म्हटले. "मिळत्यात की लहान लहान," ती म्हणाली, "वसमतला दुकानात टांगल्यात. कपाळावरची खूण दिसंल, दिसू दे."

सकाळी जाळी झटकून, धुऊन पुन्हा चढवली. मी गाठी मारल्या. एक गाठ भाच्याने सोडून परत मारली.